नीलाताईंनी निवडलेली वाट

आम्हाला सायकलच्या नवीन ट्रेलवर नेण्याआधी नीलाताई तो एकट्या पायी चालून येत. वय साठीच्या पुढे, मूळच्या नागपूरच्या, अमेरिकेत फिनिक्समध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त झालेल्या. "सायकलवर बसलं की सगळं लक्ष न पडण्यात असतं," त्या म्हणत. "वाट बघायची तर चालतच जावं लागतं."

रविवारी सकाळी वाळवंटात माउंटन बाइक चालवायला आम्ही सात-आठ मराठी माणसं जमायचो. काही माझ्यासारखे चाळिशीत शिकलेले, काही बऱ्यापैकी सरावलेले. आमच्यातला समीर दर वेळी फोन पुढे करायचा.

"ताई, ॲपवर हा इझी दाखवतंय."

"कोणासाठी इझी? वळणावर निवडुंग किती जवळ आहे, ते दाखवतं का तुझं ॲप? मेधा मध्येच दमली तर गाडीपर्यंत परत कशी येणार?" ताई माझ्याकडे बोट दाखवत.

चढ आधी आणि उतार परतीला, अशी वाट त्यांना आवडे. शेजारी एखादा खडकाळ फाटा असला तर त्या समीरला तिकडून पाठवत. तो पुढे आम्हाला येऊन मिळे आणि खूश असे.

एका सप्टेंबरात मात्र त्यांचा अंदाज चुकला. ट्रेल त्यांनी पाहिलेला होता, पण मधल्या आठवड्यात वादळी पाऊस होऊन गेला होता. कोरड्या ओढ्यात भुसभुशीत वाळू साचली होती. मी उतारावरून वेगात आले, पुढचं चाक रुतलं आणि मी खांद्यावर आपटले. कॉलरबोन मोडलं.

हॉस्पिटलमध्ये त्या माझ्या उशाशी बसून होत्या. "पावसानंतर मी परत बघायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

"अहो ताई, पडले मी."

"पडलीस तू. नेलं मी."

महिनाभर त्या डबा घेऊन येत राहिल्या, माझ्याकडून हाताचे व्यायाम करून घेत राहिल्या. पण रविवारचं येणं त्यांनी बंद केलं. समीर घरी जाऊन विनवून आला. त्याला चहा मिळाला, होकार मिळाला नाही.

हाड जुळलं, तरी गराजमधल्या सायकलला मी हात लावत नव्हते. शेवटी मी त्यांना फोन केला. "ताई, मला परत चालवायचीय. पण तुम्ही असाल तरच."

त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी ये. सायकल आणू नकोस."

आम्ही दोघी त्याच ट्रेलवर चालत गेलो. ओढ्यापाशी त्यांनी बुटाने वाळू उकरून पाहिली. "इथे उतरायचं. सायकल हातात धरून पलीकडे जायचं. त्यात लाजायचं काही नाही."

पुढच्या रविवारी सगळे आले. ओढा दिसताच मी ब्रेक दाबले. माझ्यापुढे नीलाताई होत्या. त्यांना ती वाळू सहज पार करता आली असती, तरी त्या उतरल्या आणि मागे न बघता सायकल ढकलत चालू लागल्या. मीही उतरले. माझ्यामागे समीरसुद्धा उतरला.

गेल्या हिवाळ्यात नीलाताई हार्ट ॲटॅकने गेल्या. आता रविवारची वाट मी निवडते, आदल्या दिवशी चालून येते. त्या वाळूतून सायकल काढणं मला हल्ली जमतं. पण मागे कोणीतरी नवीन असतं, हँडल घट्ट आवळून धरलेलं. मी उतरते.