नव्या खोलीला म्हातारी करताना

लढाईच्या दिवसांत मी नगरला मामलेदार कचेरीच्या आवाराबाहेर सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहून देत असे. अशा माणसाला अर्जनवीस म्हणतात. माझं अक्षर वळणदार होतं, आणि एकदा 'मेहेरबान साहेबांचे हुजूर' असं लिहिलं की खाली अंगठ्याच्या जागेपर्यंत मला श्वास घ्यायलाही थांबावं लागत नसे. माझे अर्ज वाचून साहेब लोक विरघळतात अशी माझी समजूत होती. कुठल्याही साहेबाने तसं कधी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी थोरली मुलगी बाळंतपणाला यायची होती. तिचं पहिलं मूल आमच्याच घरी, माजघरामागच्या अंधाऱ्या, ओल्या कोपऱ्यात जन्मलं आणि आठवडाही पुरा न करता गेलं. वैद्यांनी ओलीला दोष दिला. बायको म्हणाली, "अहो, या खेपेला पोरीला उजेडाची, कोरडी खोली हवी. त्या कोपऱ्यात मी तिला निजवायची नाही." ती हे एकदाच म्हणाली, म्हणजे ते ठरलं होतं.

मागच्या अंगणात एक खोली उठवली. दगडमातीच्या भिंती, वर पांढऱ्या मातीचं धाबं आणि बोळाकडे चांगली मोठी खिडकी. परवानगी काढली नाही. अर्ध्या नगरचे परवानगीचे अर्ज मीच लिहिले होते, त्यामुळे ती यायला किती महिने लागतात हे मला पुरतं ठाऊक होतं. शिवाय म्युनिसिपालिटीत आपल्याला कोण विचारतंय, असा एक ताठाही होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. धाब्याची माती वाळते न वाळते तोच नोटीस आली: विनापरवाना बांधकाम, पाडून टाका, नाहीतर रीतसर दाखला मिळवा.

दाखल्याच्या वाटा दोन होत्या. काम नवं आहे हे कबूल करायचं, दंड भरायचा आणि आपला कबुलीजबाब महिनाभर म्युनिसिपालिटीच्या फळ्यावर लोकांच्या हरकतींसाठी लागू द्यायचा. किंवा काम नियम होण्याआधीचं, जुनं आहे असं म्हणायचं. मग एक पाहणी झाली की सुटलो. साऱ्या गावाने वाचावं असा कबुलीजबाब, आणि तो अर्जनवीसाचा? छे. मी दुसरी वाट धरली. 'सदरहू खोली अर्जदाराचे आजोबांचे वेळेपासून वहिवाटीत असून' हे वाक्य तर इतकं झकास जमलं की ते मला स्वतःलाच खरं वाटायला लागलं.

आता खोलीने त्या वाक्याला शोभेलसं दिसणं भाग होतं. पाहणीच्या आधी चार दिवस मी गड्यासारखा राबलो. ओल्या गोवऱ्या पेटवून आत धूर कोंडला आणि भिंती काळ्या केल्या. खुरप्याने जागोजाग गिलावा उडवला. जुन्या धाब्यांवर उगवते तशी हरळी वर लावली आणि तिला रोज पाणी घातलं. कोपऱ्यातल्या भिंतीवर दोन-दोन घागरी ओतल्या, जुनी ओल दिसावी म्हणून. बायको दारात उभी राहून बघत होती.

"ओल नको म्हणूनच ही खोली बांधली ना आपण?" ती म्हणाली.

"तुला कायद्यातलं कळत नाही," मी म्हणालो.

म्युनिसिपालिटीचे ओव्हरसियर वयस्क गृहस्थ होते. त्यांनी बाहेरून वर हरळीकडे पाहिलं, खोलीत फेरी मारली आणि हातातली छत्री कोपऱ्यातल्या भिंतीला टोचली. गिलाव्याचा ढपला खाली आला. मी मोठ्या आनंदाने बायकोकडे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी कागद हातात पडला. बांधकाम फार जुने असल्याबद्दल शंका नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. माझा अर्ज मंजूर झाला होता. खालची ओळ अशी होती: भिंती मोडकळीस आल्या असून खोली राहण्यास धोक्याची आहे, सबब पंधरा दिवसांत उतरवून घ्यावी, न घेतल्यास म्युनिसिपालिटीची माणसे उतरवतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी तसाच ओव्हरसियरांकडे धावलो. "साहेब, ती खोली जुनी नाही हो."

"मी डोळ्यांनी पाहिली. निदान पन्नास वर्षांची आहे."

"दोन महिन्यांची आहे, साहेब."

"मग हरळी?"

"मी लावली."

त्यांनी चष्मा काढला आणि ते ठसका लागेपर्यंत हसले. मग म्हणाले, "हे सगळं लिहून द्या. हरळीसकट. पण निकाल होईपर्यंत पाडायचा हुकूम कायम राहील, ते माझ्या हातात नाही."

मी लिहून दिलं. आयुष्यात तेवढा एकच अर्ज मला फाडून फाडून पुन्हा लिहावा लागला. तो फळ्यावर लागला आणि वाचायला गर्दी झाली. मिरजगावचा एक शेतकरी तो दुसऱ्याकडून वाचून घेऊन माझ्या सतरंजीपाशी आला. "भाऊसाहेब, माझा बी अर्ज लिवा," तो म्हणाला, "पर त्यात हरळी नगा लावू."

घरात बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तिने स्वतःच्या हाताने भिंती लिंपल्या, शेगड्या पेटवून त्या सुकवल्या आणि हुकूम असो नसो, तिथेच बाज टाकली. मुलगी आली तेव्हा मी तिला बजावून सांगितलं, "सगळं मंजूर झालंय, तू काळजी करू नकोस." पंधरा दिवस उलटून गेले होते. निकाल आलेला नव्हता.

दोन दिवस कळा सोसून तिला मुलगी झाली. आठवडा गेला, दहा दिवस गेले, मूल खणखणीत रडत होतं. बाराव्या दिवशी ओव्हरसियर पुन्हा मापं घ्यायला आले, तर सुईणीने त्यांना दारातच अडवलं. "बाळंतीन हाय आत. बाप्यांनी आत यायचं न्हाई." त्यांनी बाहेरूनच मापं घेतली, आतलं रडणं ऐकलं आणि तिथेच उभ्या उभ्या शेरा लिहिला: काम पक्के, राहण्यास योग्य.

चार दिवसांनी दाखला मिळाला. मी तो घेऊन खोलीच्या उंबऱ्याशी गेलो आणि मुलीला मोठ्याने, अगदी ठसक्यात वाचून दाखवला. तिने सगळा ऐकून घेतला.

"म्हणजे आता पाडणार नाहीत ना, अण्णा?"

मी दचकलो. तिला कुणी सांगितलं होतं ते मी विचारलं नाही.

"कळा येत होत्या ना," ती म्हणाली, "तेव्हा बाहेर जरा पावलं वाजली की वाटायचं, आले पाडायला. मग मी ओरडायची नाही. तोंडात पदर धरायची."

मी दाखल्याची घडी घालायला लागलो. ती काही नीट बसेना. एरवी कुणासाठी लिहायला बसलो असतो तर दोन ताव भरून क्षमा मागितली असती. पोटच्या पोरीला मला 'चुकलो' एवढंही म्हणता आलं नाही.