थोरलीचा तारा, धाकटीचा आकडा

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या थोरलीला केसाएवढी खोट दिसायची, आणि त्याचा तिला भारी तोरा होता. एकोणीस वर्षं ती घरच्या गच्चीवरून दुर्बिणीने एकच नारिंगी तारा बघत होती. शेकडो प्रकाशवर्षं दूरचा, म्हातारा, फुगलेला. वर्षभरात मंदावायचा, पुन्हा उजळायचा. आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून त्याच्या तेजाचा आकडा काढायचा आणि आकाशनिरीक्षक मंडळाला कळवायचा, हा तिचा नेम.

मग घरात धाकटी जाऊ आली. विसरलेले कपडे काढायला अंधारात गच्चीवर गेली, सहज दुर्बिणीला डोळा लावला, थोरलीच्या वहीतले शेजारच्या ताऱ्यांचे आकडे पाहिले आणि म्हणाली, "सात पॉइंट दोन असेल." थोरलीचा आला होता सहा पॉइंट आठ. आकडा मोठा, तितका तारा मंद.

"अगं, नीट बघ तरी!"

"बघितलं की, ताई."

हिची जिरवावी म्हणून थोरलीने सहा महिने दोघींचे आकडे मंडळाला पाठवले. एका गच्चीवरून एकच नोंद घ्यायचा तिथला नियम. कुणाची घ्यायची ते मंडळाचे मास्तर ठरवणार होते. शेवटी त्यांचा फोन आला.

"बाई, धाकटीचे आकडे आमच्या तेज मोजणाऱ्या यंत्राशी तंतोतंत जुळतात. तुमचा तारा दर वेळी जास्तच ठळक."

"तिला तर तो धड शोधताही येत नाही! मी लावून देते दुर्बीण!"

"असेल. पण असल्या तांबूस ताऱ्याकडे टक लावली, की तो डोळ्याला उगाच उजळ वाटत जातो. झटकन बघायचं आणि नजर काढायची. तुम्ही फार वेळ बघता."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जिने जीव लावला ती चुकली, आणि जिला कशाचं सोयरसुतक नाही तिची वाहवा! तिने दुर्बीण कपाटावर टाकली, दोन दिवस जावेशी धड बोलली नाही. पण नोंदवहीतल्या दोन कोऱ्या ओळी तिला जावेच्या कौतुकाहून जास्त झोंबल्या.

तिसऱ्या रात्री तिने दुर्बीण लावून हाक मारली. "ये. बघ आणि सांग."

धाकटीने डोळा लावला, काढला. "सात पॉइंट चार. मी जाऊ का, ताई? दूध ठेवलंय गॅसवर."

थोरलीने आकडा लिहिला, खाली धाकटीचं नाव घातलं. मग स्टूल ओढून दुर्बिणीशी बसली. आता तिला आकडा द्यायचा नव्हता. ती अर्धा तास बघत राहिली, आणि तारा चांगला ठळक झाला.