कुलपांच्या गावात साठ फॉर्म

आंतरराष्ट्रीय विकास हा विषय मी इंग्लंडात शिकतो म्हणजे नक्की काय शिकतो, हे गावात कुणालाच मला नीट सांगता आलेलं नाही. फाट्यावरचे पंक्चरवाले चाचा म्हणायचे, "इकास शिकायला तिकडं कावून गेलास? तिकडं तर झालाय की." मी सिद्धांत सांगायला लागलो की ते हवेचा पंप चालू करायचे.

प्रबंधाचा विषय मी ऐटीत निवडला होता: ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत निर्णय कोण घेतं? माझे आईवडील दोघंही ऊस तोडतात, तेव्हा या विषयातलं जन्मजात कळणारा वर्गात मी एकटाच, असा माझा रुबाब. फील्डवर्क कधी, असं मार्गदर्शक बाईंनी विचारलं. म्हटलं, डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत. साठ घरं, साठ फॉर्म. बाईंनी मान डोलावली. विमान झालं, एसटी झाली, चकलांब्यापासून जीप झाली, आणि गावात शिरलो तर पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्याला कुलूप. तिसऱ्या दारापुढं एक कोंबडी होती, पण संमतीपत्रावर तिचा अंगठा कसा घ्यायचा, ते विद्यापीठाच्या नीती समितीनं सांगितलं नव्हतं.

दिवाळी झाली की गाव तोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही ठाऊक होतं. प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर मीच ते लिहिलं होतं! आईनंही फोनवर सांगितलं होतं, "ये, पण आमी नसू." मी त्याचा अर्थ एवढाच घेतला की आमचं घर बंद असेल.

असा कसा गाढवपणा झाला, याचा मी आमच्या घराच्या ओट्यावर बसून बराच विचार केला. लहान होतो तोवर हंगामात मी आईवडिलांबरोबर कारखान्याजवळ कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, राहायचो. शाळेत घातल्यावर वसतिगृहात. ते गावी परतले की मीही परतायचो. त्यामुळं माझ्या डोक्यातलं गाव कायम भरलेलं. हिवाळ्यातलं गाव मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात अकरा फॉर्म भरले. उत्तरं देणारी सगळी म्हातारी माणसं, आणि त्यांना निर्णयांपेक्षा गुडघ्यांविषयी बोलायचं होतं. एका आजोबांनी मला तीनदा मुलाखत दिली. तिसऱ्यांदा तर चहा मांडूनच बसले होते. बाकी दिवसभर मी आणि कुलपं. दुपारी इतकं शांत असायचं, की माझ्याच चपलांच्या आवाजानं मी मागं वळून बघायचो. तिकडं इंग्लंडात खोलीत एकटा असताना मी रोज मनातल्या मनात याच गल्लीतून एक चक्कर मारायचो. आता गल्लीतच उभा होतो, तर चक्कर मारायला दुसरं गावच नव्हतं.

दहाव्या दिवशी डोक्यात किडा वळवळला. घरं माझी, माणसं माझी, मग उत्तरं मीच लिहिली तर कोण बघतंय? समुद्रापलीकडल्या बाईंना काय कळणार? चाचांच्या दुकानापुढच्या बाकावर बसून एका दुपारी मी एकोणीस फॉर्म भरले. तोडीला जाणारे घराच्या किल्ल्या चाचांकडं ठेवून जात. भिंतीवरच्या त्या किल्ल्या बघत मी एकेक घर आठवत होतो.

"काय लिहितो बे? वाच."

मी वाचलं. मारुतीमागचं घर: नवरा, बायको, दोन पोरं, सासू.

"सासू वारली. दोन साल झाले."

दुसरं घर वाचलं.

"ते आता पुण्यालाच ऱ्हातात. निस्ती किल्ली हाय इथं."

मग मी हुकमी फॉर्म काढला. आमच्या घरचा. निर्णय कोण घेतं? वडील.

चाचा पाण्यात बुडवलेली ट्यूब तशीच धरून हसले. "तुझा बाप न्हाईच म्हणत होता तुला तिकडं पाठवायला. ह्याच बाकावर लई तमाशा झालता. तुझी माय म्हणली, पोरगं जाणार. तुमाला पटत नसंल तर मी औंदा भावासंगं जाते उसाला. जोडीबिगर एकट्याला कोण घेतं तोडीला? बाप गपगार!"

"मला कसं माहीत न्हाई?"

"तू तवा इंग्रजीची परीक्षा द्यायला गेलता."

मी फॉर्म फाडायला घेतले. चाचांनी हात धरला. "फाडतो कावून? इकडं दे. हात पुसायला कागद चांगला हाय." एकोणीस घरांनी त्यांचं ग्रीस पुसलं.

त्याच दिवशी बाईंना मेल केला. हंगाम विसरलो आणि खोटे फॉर्म भरले, दोन्ही कळवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: अकरा मुलाखतींवर प्रबंध उभा राहत नाही, लोक परतल्यावर पुन्हा काम करा, पदवी पुढच्या वर्षी.

वर्ष गेलं हे सांगायला आईला फोन लावला. उसाच्या फडात भाकरीची वेळ होती. मागं ट्रॅक्टर गुरगुरत होता.

"नापास झाला व्हय?"

"न्हाई गं. माणसंच न्हाईत गावात. इचारू कुणाला?"

"मंग आमी येऊस्तोवर थांबायचं." तिच्या लेखी विषय संपला. घास चावण्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ऐक की. आपल्या दारात ऊन येतं का रे आता?"

"का गं?"

"लगीन झाल्यापासनं थंडीच्या दिसांत मी गावात ऱ्हायलेच न्हाई. कसं दिसतं गाव?"

फोन कानाला लावून मी ओट्यावरून उठलो. ऊन उंबऱ्यापर्यंत आलंय, म्हटलं. लिंबाचा पाला साचलाय दारात, कुणी झाडलेला नाही.

"शेजारी?"

"कुलूप."

"त्येच्या पुढं?"

"कुलूपच."

"चल की पुढं," आई म्हणाली. मी चालत राहिलो.