ओत्सुकारेसामा

आज देवळीच्या जिनिंगवरून जाताना सरकीचा उबट वास आला आणि माझं दुभाष्याचं पहिलं काम आठवलं. मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनिअर संध्याकाळी कामावरच्या बायांपुढे वाकून म्हणाला, "ओत्सुकारेसामा."

"थँक्यू म्हणते तो," मालकांनी परस्पर सांगून टाकलं.

"नाई काका," मी अडवलं. "तो म्हणते, तुमी दिवसभर लई थकल्या."

केसांतला कापूस झटकत शांताबाई म्हणाल्या, "त्याले सांग, तूबी थकला असशीन, बाप्पा. बस, पानी पे."

मी जपानीत सांगितलं, "ओत्सुकारेसामा." कारण त्याचं उत्तरही तेच असतं. तो आणखी खाली वाकला आणि शांताबाईंनी पुढे केलेला तांब्या दोन्ही हातांनी घेतला.

तेव्हा वाटलं, मालकांची चूक सुधारून मी जिंकले. आता कळतं, भाषांतर शांताबाईंनीच केलं होतं.