मेंढरांच्या लशीचा दिवस

दोन हजार चोवीस साल. आश्विन. दसरा चार दिवसांवर. मी वडूजकडच्या गावांत मोटारसायकलवरून लशीचा डबा पोचवतो. शिक्षण चौथी. पण डबा आजवर कधी तापू दिला नाही. इतकी वर्षं फिरल्यावर किस्से न मागता साठतात. त्या आश्विनातलेच सांगतो.

* * *

गोवराची लस दोनदा. नऊ महिने भरल्यावर पहिली, सोळा भरल्यावर दुसरी. आमच्याकडच्या धनगरांची पोरं दुसरीला सापडत नसत. दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचे, ते पावसाळ्यालाच परत. पोरांना लस टोचणाऱ्या आमच्या सिस्टरनी एकाला फोनवर विचारलं, कुठं आहात? तो म्हणाला, "मेंढरं न्हेतील तिकडं."

* * *

पण निघण्याआधी मेंढरांना लस टोचायची, तेव्हा एक मेंढी चुकत नाही. मी सिस्टरना म्हणालो, आपला लशीचा ठरलेला गुरुवार सोडा, मेंढरं टोचतात त्या दिवशी बसू. आमच्या दवाखान्याचे डॉक्टर आधी हसले. मग सही केली.

* * *

एका झाडाखाली जनावरांचे डॉक्टर, दुसऱ्याखाली आम्ही. टोचलेल्या मेंढराच्या पाठीवर निळा रंग. एक म्हातारी सिस्टरना म्हणाली, "बाई, पोरांस्नी बी रंग लावा. न्हाईतर एकालाच दोनदा टोचशीला." सिस्टरनी पेन काढलं आणि प्रत्येक करंगळीवर खूण केली!

* * *

दुपारी यादीत एकच नाव उरलं. बिरूची सतरा महिन्यांची लेक. आठ-बारा दिवसांनी ताप येऊ शकतो, हे सिस्टरनीच सांगितलेलं. बिरू अडला. "वाटंत पोर तापली तर आमी दोघं दवाखान्यात. मेंढरं कोन राखनार?"

"मी."

"आवं अण्णा, लय लांब हाय."

"शब्द दिला."

त्या एकटीसाठी सिस्टरनी पाच पोरांना पुरणारी नवी कुपी फोडली. यादी पुरी झाली. आमच्या गावात पहिल्यांदा!

* * *

बिरू निघाल्यावर आठव्या दिवशी पहाटेच शिरवळहून त्याचा फोन. पोरीला ताप. सिस्टर म्हणाल्या, लशीचाच असेल, तरी डॉक्टरला दाखवा. मी एसटी धरली. बिरू आणि त्याची बायको पोरीला घेऊन दवाखान्यात गेली. मी काठी घेतली.

कारखान्याच्या कुंपणाशेजारचं माळरान. मेंढरं माझं ऐकेनात. कुत्रं माझ्यावरच गुरगुरलं. वॉचमन बघत उभा होता. म्हणाला, "बाबा, किती वर्सं हाय ह्या धंद्यात?"

"सकाळपासनं."

तिन्हीसांजेला बिरू आला. ताप उतरला होता, लेक खांद्यावर हसत होती. त्यानं मेंढरं मोजली. पुरी भरली.

मी काठी त्याच्या हातात दिली.