केसाळ तारा

लाखांदूरहून निघालेल्या एसटीत एक बाई शेजारी येऊन बसली, तेव्हा मी कॉलेजच्या तासासाठी जुन्या इंग्रजी बखरींवरचं पुस्तक वाचत होतो. तिच्या मांडीवर दीडेक वर्षाची पोर झोपली होती. ती पोरीच्या विरळ केसांतून सारखी बोटं फिरवत होती.

"काय वाचून राहिले जी?"

मी हौसेनं सांगितलं, "हजार वर्षांपूर्वी इंग्लंडातले लोक धूमकेतूला केसाळ तारा म्हणायचे. तो दिसला की राजा मरतो, असं लिहून ठेवायचे."

तिची बोटं थांबली.

"ही झाली तवा थोच तारा दिसे, सांजेले. आठ दिवसांत हिचा बाप धानाच्या बांधीत साप चावून गेला. सासू म्हने, पोरीनंच बापाले खाल्लं. तिनं हिले बोडीत, तळ्याच्या पान्यात टाकली. मी बाळंतीन, तशीच धावली. हाती लागली म्हनून आहे."

मी पुस्तक मिटलं. विचारलं, "आता त्या ताऱ्याची भीती वाटते?"

"ताऱ्याची कायले? थो त आभाळात होता. हात सासूचे होते."

दिघोरीला ती उतरली. मी पुन्हा पुस्तक उघडलं. कोणता राजा मेला, ते तिथं नीट लिहिलेलं होतं. त्या वर्षी जन्मलेल्या पोरींचं काय झालं, ते कुणीच लिहिलं नव्हतं.