समोर नसलेली चावी

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बी.एस्सी., इलेक्ट्रॉनिक्स. नांदेडात गाड्यांच्या चाव्यांचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाईक आधी विचारायचं, "साहेब कुठं हायत?" मी म्हणायचे, "साहेब मीच. बोला."

एकदा देगलूरकडचा एक जण जीप घेऊन आला. मागच्या सीटवर त्याची म्हातारी माय. दोनातली एक चावी हरवली, नवी करून द्या म्हणाला. कागद त्याच्याच नावावर होते. मी मशीन स्टेअरिंगखाली जोडलं आणि नेहमीचं सांगितलं, "चावीत चिप असते. या गाडीत नवी चावी नोंदवायची तर आधी जुन्या सगळ्या पुसाव्या लागतात. मग इथं समोर असतील तेवढ्याच परत चालू होतात. हरवलेली उद्या सापडली तरी तिनं गाडी सुरू होणार नाही."

"तेच पाहिजे," तो म्हणाला.

चोराच्या हाती पडायची भीती कुणालाही असते. मी काम चालू ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला, सगळ्या चाव्या पुसायच्या का? बोट बटणावर ठेवलं.

"हरवली न्हाई ती," मागून म्हातारी बोलली. "थोरल्याकडं हाय. रविवारी पोरीला लातूरला क्लासला सोडायचंय त्याला."

"माय, तू गप बस."

"दोघांच्या पैशाची गाडी हाय."

त्यानं आवाज चढवला. "मॅडम, कागद माझ्या नावावर हाय ना? दाबा मग."

कागदानं तो बरोबर होता. पण खोटं सांगून माझ्या हातून भावाची चावी बंद करून घेत होता. मी वायर ओढून काढली. "थोरल्यांना चावी घेऊन येऊ द्या. तिन्ही चालू करून देते."

"लई शिकलेल्या दिसता. गावात तुमचं एकच दुकान हाय का?"

"स्टेशनकडं अजून दोन आहेत. जा."

त्यानं स्टार्टर मारला. तेवढ्यात म्हातारीनं दार उघडलं, काठी टेकत उतरली आणि माझ्या स्टुलावर येऊन बसली. "जा बाबा तू. मी थोरल्यासंगं येते."

इंजिन चालूच. मागून ऑटोवाले हॉर्न मारून राहिले. तो मायकडं बघत होता, ती रस्त्याकडं. शेवटी त्यानं गाडी बंद केली आणि मोबाईल काढला.

"दादा, चावी घेऊन नांदेडला ये."

तिकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

"मायनं बोलावलंय," एवढंच म्हणाला.